न दिसणारी वाफ

हिंगणघाटच्या आमच्या जिन-प्रेसमधले बॉयलरबाबा दाबाचा काटा डोळ्यांआधी कानांनी वाचत. भट्टीपाशी मान तिरकी करून उभे राहत, आकडा सांगत आणि मगच वर बघत. आकडा जुळायचाच. एकदा जुळला नाही, तेव्हा त्यांनी काटा खोलायला लावला. काटाच अडकला होता.

मी नुकता मॅट्रिक झालो होतो. कापसाच्या गाठींवर रंगाने छाप मारायचो आणि सुटीत कामगारांसाठी पत्रकं लिहायचो. एकात लिहिलं होतं, ‘आमचा संताप पांढऱ्या वाफेसारखा उसळतो आहे!’ बाबांनी ते दोनदा वाचलं, मला बॉयलरपाशी नेलं आणि एक तोटी जराशी उघडली. केवढा फुत्कार! पण नळीच्या तोंडाशी वीतभर जागा रिकामी होती आणि पांढरा ढग तिच्यापुढे. मी त्या रिकाम्या जागेत बोट घालणार, तोच त्यांनी माझा हात झटकला.

“हाड दिसन,” ते म्हणाले. “खरी वाफ दिसत नाई, लेखक. पांढरं दिसते ते थंडावलेलं पाणी. तुमचा संताप थंडावला काय?”

त्या दिवसापासून मला वेड लागलं. उघड्या गंजात पाणी उकळलं की कितीही लाकडं घाला, ते त्याहून तापत नाही, हे मी घरी चूल पेटवून पाहिलं. झाकण घट्ट बांधलं तर? बाबा म्हणत, “मंग पाणी उकळाचं थांबवते, तापाचं नाई. ताप चढते, दाब चढते. झाकण कवा उडन ते पाणी सांगत नाई.” जगातली क्रांतीची सारी पुस्तकं मला त्या दोन वाक्यांत दिसली.

बॉयलरच्या माथ्यावर आडवी दांडी होती आणि तिच्या टोकाला वजन. दाब मर्यादेपलीकडे गेला की वाफ ती दांडी उचलून बाहेर पडे. ऐन हंगामात मात्र त्या दांडीला आणखी एक पाच शेराचं वजन लटकवायची आमच्याकडे रीत होती. त्याला कुंकू लावत, झेंडूची माळ घालत. वाफ दाबून धरली की गाठी भराभर निघत. मालक खूश, कामगारही खूश. मीसुद्धा त्या माळेत दोनदा फुलं ओवली होती.

बाबा तोवर जुन्या फायरमनच्या हाताखाली होते; ते गेल्यावर भट्टी बाबांकडे आली आणि पहिल्याच हंगामात त्यांनी ते वजन काढून जमिनीवर ठेवलं. मॅनेजर धावत आले. सगळेच प्रेसवाले लटकवतात, आजवर काही झालं नाही, म्हणाले.

“भिंतीच्या पल्याड सरकी काढाच्या रेच्यावर चाळीस बाया हायेत, साहेब,” बाबा म्हणाले. “वाफ कुंकू पाह्यत नाई.”

मग उद्यापासून येऊ नका, असं उत्तर मिळालं. बाबा त्याच वर्षी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. त्यांच्या हातचं पाणी न पिणारे त्यांच्याच हातातल्या आगीच्या भरवशावर रोज कामाला येत होते! त्यांतला एकही पुढे आला नाही. बाबांनी फावड्याने निखारे ओढून काढले, काटा उतरेपर्यंत स्टुलावर बसून राहिले आणि मगच डबा उचलला.

मी घरी जाऊन पत्रक लिहिलं. दांडी, वजन, वाफ, भिंत आणि चाळीस बायांची नावं. एकही विशेषण नाही. सकाळी ते फाटकावर वाचून दाखवलं. वजन पुन्हा दांडीला चढलं होतं. ते उतरेपर्यंत एकही बाई रेच्यावर बसली नाही. दुपारी ते उतरलं, पुन्हा कधी चढलं नाही. बाबांना मात्र परत घेतलं नाही.

दुसऱ्या गावी काम मिळालं तेव्हा मी त्यांना स्टेशनवर पोचवायला गेलो आणि पत्रक हातात दिलं. गाडी हलेपर्यंत ते वाचत होते. मग खिडकीतून म्हणाले, “आता बराबर हाये. यात पांढरं कोठीच दिसत नाई.”