सरहद्दीचे नकाशे काढणारे उस्ताद

उस्तादांशी बोलायचं तर आधी उजेडात जावं लागे. तुम्ही खिडकीकडे पाठ करून उभे राहिलात, तर ते खांद्याला धरून तुम्हाला वळवत आणि सपाट, एकसुरी आवाजात म्हणत, "चेहऱ्यावर ऊन घ्या, मग बोला." मोठ्या साहेबांनाही त्यांनी असंच वळवलेलं मी पाहिलं आहे. नवव्या वर्षी तापात त्यांचे दोन्ही कान गेले होते. त्यानंतर मराठी, उर्दू आणि तेलुगू अशा तिन्ही भाषा ते समोरच्याच्या ओठांवर वाचत.

हैदराबादेत जामबागेजवळच्या आमच्या सरकारी कचेरीत ते नक्शानवीस, म्हणजे नकाशे काढणारे, होते. मूळचे नांदेडकडच्या एका शेतकरी घरातले. मी तिथे नवी कारकून म्हणून लागले होते. शाळा उर्दूतून झाल्यामुळे जुनी उर्दू दफ्तरं वाचून दाखवणं हे माझं काम. ट्रेसिंगच्या कापडावर उस्तादांचा टाक चालू लागला की नदी अशी वळत जाई, जणू काठाकाठाने ते स्वतः चालून आले आहेत.

जगभरातल्या बहिऱ्या माणसांना ते 'आमची बिरादरी' म्हणत. वर्तमानपत्रात कुणाबद्दल काही आलं की कात्रण काढून ठेवत आणि जेवणाच्या सुट्टीत आम्हाला दाखवत. कुणी बहिरा चित्रकार होता, कुणी कवी, कुणी तारे मोजणारा. कात्रण दाखवताना घरच्या मुलाचा निकाल लागल्यासारखा त्यांचा चेहरा फुले. एकदा हेडक्लार्क त्यांच्याकडे पाठ करूनच काम सांगून निघून गेले. उस्तादांनी त्यांना गाठलं आणि शांतपणे म्हणाले, "आमच्या बिरादरीतल्या एका जर्मन माणसाने कान गेल्यावर संगीत लिहिलं. तुम्हाला माझ्यासाठी एक चिठ्ठी लिहवत नाही?"

मग छप्पन साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचं ठरलं. माणसं, कपाटं, दफ्तरं यांची वाटणी सुरू झाली. कोण कुठे जाणार याच्या याद्या लागल्या आणि उस्तादांचं नाव एकाही राज्याच्या यादीत नव्हतं. ते 'जादा' ठरले होते. टेलिफोन वाजला तर हा माणूस काय करणार, असं साहेबांचं म्हणणं. उस्ताद त्यांना भेटायला गेले. "फोन तुमच्या टेबलावर आहे, साहेब. माझ्या टेबलावर नकाशा आहे," एवढंच बोलून परत आले आणि पुन्हा टाक हातात घेतला. त्या दिवशी मात्र एकच रेघ त्यांनी दोनदा खरवडून पुन्हा काढली.

सरहद्दीवरच्या एका तालुक्याचं काम त्यांच्याकडे होतं. नदीच्या उत्तरेची गावं मराठी मुलखात जायची, दक्षिणेची आंध्रात. गावांची नावं मी दफ्तरातून मोठ्याने वाचली होती, दुसऱ्याने लिहून घेतली होती, तिसऱ्याने यादी केली होती. तिच्यावर दुसऱ्या दिवशी सही व्हायची होती. उस्ताद जुना नकाशा आणि ती यादी घेऊन तडक साहेबांच्या खोलीत गेले. दफ्तर घेऊन मीही मागोमाग गेले.

"कोळसरी दोन आहेत," ते म्हणाले. "खुर्द दक्षिणेला, बुद्रुक उत्तरेला. यादीत एकच कोळसरी आहे, आणि तीही दक्षिणेला. बुद्रुक गेलं कुठे?"

साहेब दक्खनीत म्हणाले, "यादी पक्की हो गई, उस्ताद. अब नक्को. तीन बार पढ के सुनाए."

"तीनदा ऐकलीत. एकदा नकाशावर पाहिली असती तर पुरे होतं."

साहेबांनी माझ्याकडून दफ्तर घेतलं. उस्तादांचं खरं होतं. वाचण्याच्या घाईत मी दोन्ही वेळा नुसतं 'कोळसरी' म्हणाले होते, आणि एकच नाव दोनदा आलं म्हणून लिहिणाऱ्याने एक गाळलं होतं. एक अख्खं गाव, त्याची विहीर, शाळा, शेतं, माझ्या तोंडून निसटली होती. कुणी वाचलं, असं साहेबांनी विचारलं.

मी तोंड उघडण्याआधी उस्ताद म्हणाले, "चूक ऐकण्याची आहे, साहेब. आणि या खोलीत मी सोडून सगळेच ऐकतात."

 साहेब स्वतःशीच हसले आणि कागद ओढून लिहू लागले. तो कागद त्यांनी उस्तादांच्या हातात दिला. सरहद्दीची प्रत्येक यादी सहीला येण्याआधी उस्तादांच्या टेबलावरून जावी, आणि त्यांचं नाव जादांतून काढून हैदराबादच्याच कचेरीत ठेवावं, असा हुकूम होता. उस्तादांनी तो वाचला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरून सरळ मधल्या वाटेने आपल्या टेबलाकडे गेले. एकाही माणसाने टाळी वाजवली नाही. सगळे उठून उभे राहिले.

माझी बदली औरंगाबादला झाली. बऱ्याच वर्षांनी हैदराबादला आले तेव्हा अंबरपेठेतल्या त्यांच्या घरी गेले. हेडनक्शानवीस होऊन ते निवृत्त झाले होते, आणि पुढच्या खोलीत पाच-सहा बहिरी मुलंमुली फळ्यांवर वाकून नकाशांच्या रेघा ओढत होती. त्यातल्या एका मुलीला त्याच सकाळी नोकरीचं पत्र आलं होतं. उस्तादांनी ते माझ्या हातात दिलं आणि मला दारापाशी उजेडात उभं केलं.

"तुम्ही वाचलं असेल ना?" मी विचारलं.

"वाचलं. आता मोठ्याने वाचा."

मी वाचलं. ते आणि ती मुलगी, दोघंही माझ्या ओठांकडे बघत होते.

"पुन्हा वाचा," उस्ताद म्हणाले.

मी पुन्हा वाचलं, आणि मग तिसऱ्यांदाही, मुलीचं नाव तिच्या आडनावासकट, एकेक अक्षर सुटं करून, काहीही न गाळता.