मिस व्हर्नांचं ताट

आयर्लंडमधल्या नास गावच्या चर्चसमोर बस उभी राहिली तेव्हा भुरभुर पाऊस होता आणि मी, तिथे नोकरीला असलेला वसईचा कॅथलिक डॉक्टर, आयरिश लोकांच्या मिशनसोबत दहा दिवसांसाठी एका कॅरिबियन बेटावर निघालो होतो. आमच्या लहानपणी मिशन म्हणजे बाहेरून येणारे फादर. आता बाहेरून जाणारा मीच, त्यामुळे छाती जरा फुगली होती. आमची म्होरकी बर्नाडेट, निवृत्त शिक्षिका. कुठल्याही अडचणीवर तिचं उत्तर एकच, "ग्रँड!" (सगळं ठीक). माझी बॅग विमान बदलताना मागे राहिली तेव्हाही ती हेच म्हणाली. पहिले तीन दिवस मी सोबत आलेल्या तिच्या नवऱ्याचे ढगळ शर्ट घालून रुग्ण तपासले.

बेट बघून मला हसूच आलं. नारळ, केळी, उन्हात वाळत घातलेली मासळी. एवढं उडून वसईशेजारच्या अर्नाळ्यालाच उतरलो की काय!

दवाखाना चर्चच्या हॉलमध्ये होता. तिथे मिस व्हर्ना भेटल्या (वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी तिकडे 'मिस' लावतात). सत्तरीच्या, मधुमेह, तळपायाला खोल जखम. रोज साफ करून पट्टी बदलली तर पाय वाचणार होता. नाहीतर बोटीने मोठ्या बेटावर नेऊन कापावा लागला असता. पहिले चार दिवस त्या काठी टेकत सगळ्यांच्या आधी येऊन बसत.

रविवारी मिस्सा झाल्यावर त्यांनी मला घरी नेलं. ताटात भाजलेला नीरफणस आणि खारवलेला मासा. माझ्या पोटात कावळे ओरडत होते, तरी मी म्हणालो, "नको नको, आत्ताच झालंय." पाहुण्याने दोनदा नको म्हणायचं आणि यजमानाने ताट पुढे रेटायचं, ही आपली रीत. मिस व्हर्नांनी ताट उचलून आत नेलं. मी उपाशीच परतलो.

सोमवारी त्या आल्या नाहीत. मंगळवारीही नाही. दुपारी बर्नाडेट लालबुंद होऊन आली.

"व्हर्नाने जेवायला दिलं आणि तू नको म्हणालास?"

"आधी नको म्हणायचं असतं."

"आयर्लंडमध्ये असतं, मीही तीनदा म्हणते. इथे एकदाच विचारतात. ती म्हणते, डॉक्टरला माझ्या ताटाची किळस येते, मग पायाचीही येत असणार."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पट्ट्यांची पिशवी उचलून मी तडक त्यांचं घर गाठलं.

"मिस व्हर्ना, मला भूक लागलीये."

त्यांनी आत चुलीकडे पाहिलं.

"कालचं आहे, डॉक."

"चालेल."

"काटे आहेत."

"समुद्राकाठी वाढलोय मी."

हाताने जेवलो, वर मागून घेतलं. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि पाय पुढे केला. जखम चिघळली होती. साफ करताना त्या कण्हल्याही नाहीत.

उरलेले दिवस मी त्यांच्याकडेच जेवलो आणि तिथेच पट्टी बांधली. निघताना जखमेत नवं मांस धरू लागलं होतं.

महिन्याभराने तिथल्या नर्सचा नासला निरोप आला, पाय वाचला. त्या रविवारी चर्चमध्ये आमचं कौतुक झालं आणि फादरनी मला बोलायला उभं केलं. मी समुद्राबद्दल बोललो, तिथल्या माणसांच्या श्रद्धेबद्दल बोललो. टाळ्या झाल्या. बर्नाडेट पहिल्या बाकावरून माझ्याकडे बघत होती. आपल्या सभ्यपणाच्या हौसेसाठी मी एका बाईचा पाय दोन दिवस पणाला लावला होता, तेवढं माझ्या तोंडून निघालं नाही. ते इथे, आपल्या माणसांत, लिहून टाकतो आहे.