रशीदभाई आणि केळापूरची अँबॅसेडर

रशीदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वणीत एका जुन्या जीपचा सौदा करत होतो. फोन खिशात टाकला आणि समोरच्याला काही न सांगता दिग्रसचा रस्ता धरला. पोचलो तेव्हा दफन आटोपलं होतं. आमच्यात काही वर्षं बोलणं नव्हतं. त्याने एकदा ‘चुकलं’ म्हणावं, एवढंच माझं म्हणणं होतं. तो म्हणाला नाही... आता म्हणणारही नाही.

मी जुन्या गाड्या घेतो, विकतो. सुरुवात स्टँडवर दुसऱ्यांच्या जीपा पुसण्यापासून केली. भाव पाडण्यात माझा हात धरणारा आसपास कोणी नाही, आणि गाडी बघायला जाताना रशीदभाई मिस्त्री सोबत असायचाच. त्याचं बोलणं तिखट. कोणी कौतुक केलं तर म्हणायचा, “हे मले माहीत आहे.” गिअरचा दांडा तो दोन बोटांनी धरायचा. मी मुठीत धरला की हातावर चापट बसायची. “गाडी सांगून राह्यली, आन् तू तिचं तोंड दाबून राह्यला.”

केळापूरच्या सुमनताईंची अँबॅसेडर बघायला आम्ही असेच गेलो. साठी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. नवरा गेल्यावर शेत, बाजार, माहेर सगळं त्या स्वतः गाडी चालवत करायच्या. आता विकायला काढली होती, कारण गिअर पडत नव्हता. गाडी बघताक्षणी मला हवी झाली. चालू करून पहिला गिअर टाकला, तर कर्रर आवाज. गिअरबॉक्स गेलेला दिसतो, म्हणजे भाव माझ्या हातात. “ताई, हे काम लय खर्चाचं आहे,” मी सुरुवात केली.

रशीदभाईने मला खाली उतरवलं आणि स्वतः बसला. इंजिन बंद केलं, दोन बोटांनी एकेक गिअर टाकला. सगळे लोण्यात सुरी जावी तसे पडले. इंजिन चालू केलं, पुन्हा कर्रर. “बंद गाडीत पडते, चालू गाडीत अडते. मंग गिअरबॉक्सचा काय गुन्हा?” तो पुटपुटला. म्हणजे क्लच दाबूनही इंजिन गिअरपासून पुरतं सुटत नव्हतं. आता बॉनेट उघडेल म्हणून मी पान्हे काढले, पण त्याने क्लच दाबून धरला, खाली वाकला आणि पेडलखाली हात घातला. मग ओढायला लागला. आधी लाल गालिचा निघाला. त्याखाली हिरवा, त्याखाली काथ्याची चटई, तिच्याखाली आणखी एक कुजका गालिचा. गाडी नवी दिसावी म्हणून ताई दिवाळीला नवा गालिचा टाकायच्या, जुना काढायच्या नाहीत. पेडल तळाला जाणार कसं?

“बसा ताई. दाबा आता.”

ताई बसल्या. गिअर आवाज न करता पडला. त्यांनी काढला, पुन्हा टाकला, पुन्हा काढला. मग हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, “मला वाटलं, माझ्याच पायात जोर नाही राहिला. म्हणून विकत होते हो...”

“पायाले काही नाही झालं तुमच्या. गाडी विकू नका.”

गिअरबॉक्स खोलून अंगणभर पसरणारे मिस्त्री मी खूप पाहिले. एकही नट न फिरवता एका बाईला तिचे पाय परत देणारा हा एकच पाहिला. मी तिथे उभा होतो, छाती भरून आली होती आणि डोकं तापलेलं होतं, दोन्ही एकदमच.

परतताना मी भडकलो. “मले बाजूले घेऊन सांगता आलं असतं ना?”

“तुले सांगतलं असतं, तं तू बाईले सांगतलं असतं का?”

त्याने माझ्या उत्तराची वाटही पाहिली नाही, खिडकीबाहेर बघत बसला. माझा राग आहे तो याचाच, आणि त्या दिवसापासून आमचं बोलणं तुटलं. इतक्या वर्षांच्या दोस्ताला निदान विचारायचं तरी होतं.

परवा भाभींना भेटायला त्याच्या घरी गेलो, तर बोळात तीच अँबॅसेडर उभी. सुमनताई केळापूरहून एकट्या आल्या होत्या. बातमी त्यांना उशिरा कळली. निघताना त्यांनी मला ओळखलं. मी गाडीचं दार उघडून धरलं आणि आत पाहिलं. खाली गालिचा नव्हता, नुसता पत्रा. क्लचच्या खाली, पेडल टेकतं तिथे, रंग उडून बोटभर जागा चकचकीत झाली होती.

“अजून घ्यायची आहे का?” त्यांनी हसून विचारलं.

“नाही ताई. चालवा.”

बोळ अरुंद, गाडी मागे घ्यावी लागणार होती. ताईंनी क्लच तळापर्यंत दाबला आणि दांडा दोन बोटांनी धरला. मी कान देऊन उभा होतो. रिव्हर्स पडल्याचं गाडी हलली तेव्हा कळलं.