मदर इओलांच्या स्वप्नातले मासे

व्हर्डेल पिंक्नी बाल्टिमोरच्या आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात एकवीस वर्षं होती. मी तिथेच भूगोल शिकवत असे. चर्चमध्येही आम्ही शेजारीशेजारी बसायचो. तिला एचआयव्ही आहे, हे डॉक्टरांखेरीज मला एकटीलाच ठाऊक होतं. कळलं तर आपल्या हातचं कुणी खाणार नाही, ही तिची एकच धास्ती. ती चौदा वर्षं गप्प होती.

गोळ्यांनी तिला जगवलं, पण अंगावरची चरबी भलतीकडेच नेली. गाल बसले, हातपाय काटकुळे झाले, पोट तेवढं पुढे आलं. चव्वेचाळिसाव्या वर्षीच पाळी थांबली. रक्ताच्या तपासणीत बाईपणाचे हार्मोन जवळजवळ संपलेले निघाले.

"आता मूल नाही, डॉक्टर म्हणाले," तिने बटाटे सोलता सोलता सांगितलं. आवाज चढला नाही की उतरला नाही.

त्याच आठवड्यात मदर इओलांच्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईंच्या, स्वप्नात मासे आले. आमच्या काळ्या लोकांत मानतात, स्वप्नात मासे दिसले की ओळखीतलं कुणीतरी गरोदर असतंच. रविवारी प्रार्थनेनंतर, घरून आणलेले पदार्थ मांडून सगळ्या बसल्या, तेव्हा जेवणाच्या खोलीत तोच विषय.

"माझ्याकडे बघू नका," नातवंडं असलेली सिस्टर रूबी म्हणाली. "मी दुकान कधीच बंद केलंय."

सगळ्यांच्या नजरा व्हर्डेलच्या पोटावर गेल्या.

"काय गं, आमच्यापासून लपवतेस?" मदर म्हणाल्या. "तरीच तोंड सुकलंय." त्यांनी तिच्या पोटावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि बाळासाठी प्रार्थना म्हटली.

व्हर्डेलला हसून वेळ मारून नेता आली असती. मी टेबलाखालून तिचा पाय दाबलाही. प्रार्थना संपेपर्यंत ती थांबली.

"मदर, बाळ नाही. औषधांनी साठलेली चरबी आहे ती."

"कसली गं औषधं?"

"एचआयव्हीची." भाजीत मीठ कमी आहे, असं सांगावं तशी ती म्हणाली.

 मदरनी हात लगेच उचलला नाही, हे मी पाहिलं. थोड्या वेळाने उचलला आणि आपल्याच मांडीवर ठेवला.

"तुझी मॅकरोनी कुठेय?" त्यांनी विचारलं. "वाढ मला."

व्हर्डेलने वाढली. मदरनी सावकाश, सगळी खाल्ली. रूबी म्हणाली, आज आपल्याला भूक नाही. बाकीच्यांनी कोंबडी घेतली, पालेभाजी घेतली.

निघताना मी व्हर्डेलचं मॅकरोनीचं भांडं गाडीपर्यंत नेलं. चांगलंच जड होतं.