घडी पडली की आमेन

माझी लेक हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला लागली आणि तिचं रविवारचं चर्च सुटलं. तेव्हापासून ती प्रभूपासून दुरावेल ही धास्ती माझ्या मनातून जात नव्हती. आज कामावर जाताना ती माझ्या घरी डबा विसरली, तो द्यायला गेले, तर वाफेने भरलेल्या खोलीत ती चादरींच्या घड्या घालत काहीतरी पुटपुटत होती.

“प्रार्थना तरी करतेस का गं?” मी विचारलं.

“मग आत्ता काय चाललंय, आई? या चादरीवर जो झोपेल त्याला येशूने सांभाळावं, एवढंच मागते. घडी पडली की आमेन.”

“हिचं आमेन ऐकून कान किटलेत आमचे,” तिचे मुकादम मला म्हणाले. तेवढ्यात गठ्ठ्यातून एक इवलासा झगा निघाला. त्यांनी तो हळूच तिच्याकडे सरकवला. “हा तूच घे. लहानग्यांसाठी दोनदा मागतेस ना?”

मी हसत घरी आले. पुढच्या आठवड्यात त्याच हॉस्पिटलात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. उगीच काळजी करेल म्हणून लेकीला सांगितलं नव्हतं. आता सकाळी उठल्याबरोबर तिला फोन करणार आहे. माझी चादर तिच्याच हातची हवी.