खोटं वजन

गॅरेजला पाटी होती, पण तिच्यावरचं नाव कुणी वाचत नसे. सगळे त्या जागेला मामांचं गॅरेज म्हणत. मामांच्या बहिणीची, ताईची, मुलं लहानपणी तिथे 'मामा, मामा' करत गाड्यांमधून पळायची. मुलं मोठी होऊन दूर गेली, हाक मात्र मागे राहिली आणि ती शेजारच्या पेंटरपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांनी उचलली.

इंजिनवाले त्या रस्त्यावर बरेच होते. पण गाडी झुलते, एका अंगाला बसते, वळणावर मागून सरकते, असं काही निघालं की लोक मामांकडेच यायचे. मामा गाडी घेऊन चौकापर्यंत एक फेरा मारून येत आणि उतरता उतरता कुठलं रबर गेलंय ते सांगत. पेंटर म्हणायचा, मामांचा मेंदू जरा खालीच बसवलाय, खुर्चीला टेकतो तिथे. मामांना ही थट्टा आवडायची. कुणी नवीन गिऱ्हाईक आलं की ते स्वतःच पेंटरला ती पुन्हा सांगायला लावायचे.

या फेऱ्याला ते कुणालाही सोबत नेत नसत. मालक कौतुकाने शेजारी बसायला आला, तर आतून दार लावून घेत. गाडीत दुसरा माणूस म्हणजे खोटं वजन, असं त्यांचं ठाम मत होतं. तो हलतो, बोलतो, आणि गाडी काय म्हणतेय ते ऐकू येत नाही.

भावोजींकडे एक जुनी स्पोर्ट्स कार होती. दोनच सीट, टप उघडा, आणि मागची बाजू खाली बसवलेली. ती मामांनीच कधीकाळी हौसेने बसवून दिली होती, गाडी रस्त्याला चिकटून पळतेय असं वाटावं म्हणून. दुसरी सीट कायम ताईची. पण ताईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि तिने त्या सीटवर बसणं सोडलं. भावोजींना एकट्याने फिरण्यात राम वाटेना. गाडीवर कव्हर पडलं ते पडलंच.

कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा त्या गाडीवर केव्हापासून डोळा होता. शेवटी भावोजींनी ठरवलं की मागचे जुने, दांड्याचे शॉक अॅब्सॉर्बर काढून नव्या पद्धतीचे, सरळ नळीचे बसवायचे. मग ताईला घेऊन तळ्यापर्यंत जायचं. ती सुखाने परत आली तर गाडी घरात राहील, नाहीतर डॉक्टरांची.

मामांनी काम मनापासून केलं. जुने शॉक सोडवले, चासी, म्हणजे खालचा सांगाडा, घासून रंगवली. नव्या शॉकबरोबर लोखंडी ब्रॅकेट आले होते. प्रत्येक ब्रॅकेटला शॉकच्या वरच्या टोकाच्या बोल्टसाठी दोन भोकं होती, एक खाली, एक वर. खालच्या भोकात बोल्ट विनासायास गेला, म्हणून मामांनी तेच घेतलं. मग नेहमीप्रमाणे एकट्याने फेरा मारला. गाडी अशी चालली की त्यांना स्वतःच्याच हातांचा हेवा वाटला. भावोजींना ते म्हणाले, आता ताईला म्हणावं, मांडीवर भरलेला पेला घेऊन बस.

तळ्याला निघालेली गाडी अर्ध्या वाटेवरूनच परत आली. गॅरेजच्या दारात पेंटर होता, आणि डॉक्टरही सहज आल्यासारखे येऊन उभे होते. ताई दाराला धरून हळूहळू उतरली. तिचा चेहरा उतरला होता. ती एवढंच म्हणाली की स्पीडब्रेकरवर मागून ठोकर बसते, थेट पाठीत.

मामांच्या डोक्यात सणक गेली.

"ठोकर गाडीत नाही, ताई. तुझ्या मनात आहे," ते म्हणाले. "तुला ही गाडी नकोच आहे. तसं सरळ सांग ना, माझ्या कामावर कशाला ढकलतेस?"

ताईने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती घराकडे चालू लागली. डॉक्टर एकदम टायरकडे निरखून बघायला लागले. भावोजी खालच्या आवाजात म्हणाले, जाऊ दे, देऊन टाकू गाडी.

पण मामांना ते पटणार कसं? भावोजींना त्यांनी पुन्हा स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः ताईच्या सीटवर बसले, ठोकर नाहीच हे दाखवून देण्यासाठी. इतक्या वर्षांत त्या सीटवर ते पहिल्यांदाच बसत होते. पहिला स्पीडब्रेकर आला. मागून कुणीतरी लोखंडी पहार मारावी तसा दणका त्यांच्या कमरेतून मानेपर्यंत गेला. पुढच्या स्पीडब्रेकरला त्यांनी नकळत दाराची कड घट्ट धरली. ताईने धरली होती तशीच.

"आता काय म्हणता?" भावोजींनी विचारलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं मामांना वाटलं.

परत येऊन ते गाडीखाली शिरले आणि सगळं उघड झालं. गाडी मुळात खाली बसवलेली, म्हणून बोल्ट वरच्या भोकात हवा होता. खालच्या भोकामुळे शॉकला दबायला जागाच उरली नव्हती. एक माणूस बसला तर कसंबसं भागत होतं, दुसरा बसला की नळीवर नळी आपटत होती. वरच्या भोकातला रंगसुद्धा अजून जसाच्या तसा होता. मामा बराच वेळ गाडीखालीच पडून राहिले. काम काही नव्हतं, पण बाहेर पेंटर उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं, आणि आज त्याला एकही विनोद सुचत नव्हता.

बोल्ट वर घ्यायला फारसा वेळ लागला नाही. पण तो शेवटचा आवळायचा तर चाकं जमिनीवर आणि नेहमीची माणसं गाडीत हवीत, नाहीतर बोल्टभोवतीचं रबर पिळवटतं. भावोजी होतेच. पेंटर म्हणाला, मी बसू का? मामांनी नको म्हणून मान हलवली. एवढं सोपं करून घ्यायची त्यांना लाज वाटली.

ते ताईच्या घरी गेले. ती चादरींच्या घड्या घालत होती. वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं दारातच आटलं. चप्पलसुद्धा न काढता ते म्हणाले, "ताई, जरा येऊन बसतेस? तुझं वजन हवंय."

तिने हातातली घडी पूर्ण केली, तिच्यावरून हात फिरवला, मग उठली. वाटेने ताई सावकाश चालत होती, आणि मामांना आज तिच्या पुढे जायचा धीर होत नव्हता.

गाडी गॅरेजमधल्या खड्ड्यावर उभी होती. मामा पाना घेऊन खड्ड्यात उतरले. वर दार लागल्याचा आवाज आला, स्प्रिंगा किंचित कुरकुरल्या आणि चासी त्यांच्या डोक्यापर्यंत खाली आली.

"बसलं बाबा खोटं वजन," वरून ताई म्हणाली. "आता आवळ."

भावोजी हसले. मामांना हसू आलं नाही. कान तापले होते, आणि आपलं तोंड वरून दिसत नाही याचं त्यांना बरं वाटत होतं. त्यांनी दोन्ही बोल्ट आवळले, पुन्हा पुन्हा पाना लावून पाहिला, आणि खड्ड्यातूनच म्हणाले, "चुकलं माझं."

"मला एकटीला कशाला सांगतोस?" ती म्हणाली. "बोललास तेव्हा मी एकटी होते का?"

त्या दिवशी गाडी तळ्यापर्यंत जाऊन परत आली. ताई दाराला न धरता उतरली.

दुसऱ्या दिवशी मामा डॉक्टरांकडे गेले. बाहेर गाल धरून बसलेले पेशंट, आत खुर्चीवर तोंड उघडून पडलेला एकजण. डॉक्टरांनी पडदा सारला आणि विचारलं, मग, गाडी कधी न्यायला येऊ?

"गाडी मिळणार नाही," मामा म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "ठोकर खरीच होती. ती मी बसवली होती. माझी बहीण बरोबर बोलत होती."

पेशंटांना त्यातलं काही कळलं नाही. डॉक्टरांना कळलं. आलाच आहात तर दात बघू का, बसा ना, असं म्हणत त्यांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे हात केला.

मामा उभेच राहिले. दुसऱ्याच्या सीटवर बसायची त्यांची हौस कालच फिटली होती.