एकशे नऊचा एफ

हातातला चहा आधी खाली ठेवा, नाहीतर अंगावर सांडेल. ही फजिती माझ्या पीएचडीची हाय, आणि मी ती नांदेडला भर सेमिनारात, माइकवरून करून आले.

लातुरात आमच्या गाईड सरांकडं पीएचडीला आम्ही दोघी. मी आणि उदगीरची शिवलीला. पोरगी हुशार, वरून स्वभावानं इतकी गोड की राग धरायलासुद्धा जागा नाही. तिनं तुरीवर अनोव्हा केली. तीन-चार गटांच्या सरासरीत खरंच फरक आहे की नुसता योगायोग, हे सांगणारी चाचणी. तिच्यातून जो एफ नावाचा आकडा निघतो, तो जितका मोठा तितका फरक पक्का. शिवलीलेचा आला नऊ. झालं, सर येईल-जाईल त्याला तेच सांगून राहिले.

माझं सोयाबीन होतं. तीन पद्धतींनी पेरलेलं, प्रत्येक पद्धतीचे दहा वाफे. माझा एफ आला एक. म्हणजे कसंही पेरा, फरक न्हाई. सर म्हणाले, हेही उत्तरच आहे. असेल, पण असल्या उत्तराचं कौतुक कोण करतं?

मला जेवण गोड लागेना. सेमिनारच्या आदल्या दिवशी एक आकडा चुकीचा भरलेला सापडला. तो सुधारून सॉफ्टवेअरमध्ये चाचणी परत लावली, तर एफ एकशे नऊ! एका आकड्यानं एवढा फरक कसा पडला, हे विचारायला नको होतं का मी? पण जळणाऱ्या माणसाला कुठं सुचतं. सरांना दाखवायचं सोडून मी साडीवर जाणाऱ्या बांगड्या शोधत बसले.

नांदेडला पडद्यावर माझा तक्ता लागला. "एकशे नऊ" म्हणताना मी मुद्दाम शिवलीलेकडं बघितलं. तिचं तोंड उतरलेलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

परीक्षक वयस्कर, शांत. त्यांनी सरासऱ्या वाचायला सांगितल्या. मी खणखणीत वाचल्या. साडेपाच किलो, साडेपंधरा किलो, साडेपंचवीस किलो.

"ताई, वाफा केवढा तुमचा?"

"ह्या स्टेजएवढा, सर."

"एवढ्यात पंचवीस किलो सोयाबीन? बरं, तक्त्यात वाफ्यांना नंबर कसे दिलेत?"

"पहिल्या पद्धतीला एक ते दहा, दुसरीला अकरा ते वीस, तिसरीला..." इथं मला माझी चूक दिसली. रकान्यांना नावं द्यायचा मी कंटाळा केला होता, आणि घाईत उत्पन्नाच्या जागी वाफ्यांच्या नंबरांचाच रकाना चाचणीत टाकला होता.

परीक्षक म्हणाले, "म्हणजे वीस हे दहापेक्षा मोठे असतात, हे तुम्ही शास्त्रशुद्ध सिद्ध केलं."

सभागृह किती हसलं, ते विचारू नका. फक्त आमचे सर हसले नाहीत.

परतीच्या एसटीत शिवलीला माझ्या शेजारी येऊन बसली. मग हळूच म्हणाली, "खरं सांगू का अक्का? तुझा एकशे नऊ ऐकला अन् माझ्या पोटात लई जळालं बघ."

शोधनिबंध गेला, अब्रू गेली, सर बोलायचे बंद झाले. आणि मी? लातूर येईपर्यंत मी तिला तेच वाक्य परत परत म्हणायला लावलं.